२,००० प्रवेशिका: कौशल्य, नशीब आणि गर्दीचे गणित

१/
१९५५ साली संसदेने संमत केलेल्या एका कायद्यात एक आकडा आहे: २,०००. कोणत्याही बक्षीस-स्पर्धेत याहून अधिक प्रवेशिका घेता येणार नाहीत, असे तो कायदा सांगतो. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद भारतात जुना आहे. पण स्पर्धेत किती जण उतरतात यावर कायद्याने बोट ठेवल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. या आकड्याची कथा शब्दकोड्यांपासून सुरू होते आणि पोकरच्या टेबलापर्यंत पोहोचते.

२/
कथेचे मूळ मुंबई इलाख्यात आहे. सोलापूर हा तेव्हा या इलाख्याचा जिल्हा. इलाख्याच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक अधिनियमाने जुगाराच्या अड्ड्यांवर बंधने घातली, पण कलम १३ मध्ये एक वाट मोकळी ठेवली: केवळ कौशल्याच्या खेळांना हा कायदा लागू नाही. पुढच्या सव्वाशेहून अधिक वर्षांतला सारा वाद या एका शब्दाभोवती फिरत राहिला. कौशल्य म्हणजे काय, आणि ते ओळखायचे कसे?

३/
१८७७ च्या जुन्या गिरणीपासून सोलापूर गिरणगाव म्हणून वाढले. इथल्या माणसाला कौशल्याचा अर्थ सांगायला न्यायालयाची गरज नव्हती. तो कुस्तीच्या फडात दिसत असे. गावोगावच्या जत्रांत नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात होते आणि मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी लागते. पंच जोड ठरवतात, दोन मल्ल भिडतात, एक चितपट होतो. इथे नशिबाचे नाव कोणी काढत नाही, कारण समोर प्रतिस्पर्धी एकच असतो आणि निकाल सर्वांच्या डोळ्यांदेखत लागतो.

४/
शब्दकोड्याचे प्रकरण निराळे होते. आधुनिक शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आर्थर विन यांनी प्रसिद्ध केले. ते भारतात आले आणि इथे त्याला बक्षिसाची जोड मिळाली. प्रवेश शुल्क भरायचे, कोडे सोडवून पाठवायचे आणि निकालाची वाट पाहायची. वरवर पाहता ही भाषेची परीक्षा होती. शब्दसंग्रह ज्याचा मोठा, तो जिंकेल, अशीच कोणाचीही समजूत व्हावी.

५/
खरी मेख कोड्याच्या रचनेत होती. समजा, सूचना अशी आहे: ‘आजाऱ्याला आधी हिची गरज असते’, आणि चौकटीत आहे ‘–वा’. उत्तर ‘हवा’ की ‘दवा’? दोन्ही बरोबर. पण आयोजकाने एक उत्तर आधीच ठरवून मोहोरबंद ठेवलेले असते, आणि त्याच्याशी जुळेल तेच खरे. भाषा जाणणारा वाचक या दोन पर्यायांपर्यंत पोहोचतो. तिथून पुढे त्याची विद्वत्ता संपते आणि अंदाज सुरू होतो.

६/
अशा १२ सूचना असतील तर उत्तरांचे ४,०९६ संच तयार होतात. बाराही पर्यायजोड्या अचूक हेरणारा पंडित आणि नुकताच कोडी सोडवू लागलेला होतकरू यांच्यातला फरक खरा आहे; पण पंडिताच्या एका प्रवेशिकेलाही पूर्ण यशाची संधी ४,०९६ मध्ये एक. मग एकच मार्ग उरतो: अधिक प्रवेशिका विकत घेणे. बुद्धीच्या स्पर्धेत खिशाचे वजन असे हळूच येऊन बसले.

७/
मुंबई सरकारने १९४८ मध्ये लॉटरी व बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला. परंतु बंगळूरला छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून ‘आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्स’ नावाची स्पर्धा चाले आणि तिच्या प्रवेशिका मुंबई राज्यातूनही केंद्रे व प्रतिनिधींमार्फत गोळा होत. वृत्तपत्र म्हैसूर राज्यातले, खेळणारे मुंबई राज्यातले. १९५२ च्या दुरुस्तीने मुंबई सरकारने राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांतील स्पर्धाही आपल्या कायद्याखाली आणल्या.

८/
स्पर्धेचे प्रवर्तक आर. एम. डी. चमरबागवाला यांनी या कराला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. आधी एकल न्यायाधीशांपुढे आणि मग अपिलात खंडपीठापुढे, दोन्ही ठिकाणी निकाल त्यांच्या बाजूने लागला. मुंबई सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हा वाद प्रलंबित असतानाच संसदेने १९५५ चा बक्षीस-स्पर्धा अधिनियम केला. २,००० चा आकडा त्यातला.

९/
संविधानाच्या अनुच्छेद २५२ नुसार काही राज्यांनी ठराव करून संसदेला हा कायदा करण्याचा अधिकार दिला होता. त्यांत मुंबई होते आणि हैदराबादही. म्हणजे सोलापूरच्या सीमेच्या दोन्ही अंगांची राज्ये. १ एप्रिल १९५६ पासून कायदा अमलात आला. महिन्याला एकूण बक्षीस १,००० रुपयांपेक्षा अधिक नको, प्रत्येक स्पर्धेत प्रवेशिका २,००० पेक्षा अधिक नकोत, आणि स्पर्धेसाठी परवाना हवा, अशा त्याच्या अटी होत्या.

१०/
नियमांनी प्रवेश शुल्कालाही मर्यादा घातली: मोठ्यात मोठ्या बक्षिसासाठी १ रुपया. आता हिशेब करून पाहावा. २,००० प्रवेशिका, प्रत्येकी १ रुपया, बक्षीस १,००० रुपये. स्पर्धा भरली की सरासरी स्पर्धकाला रुपयामागे आठ आणे परत मिळतात. अशा ठिकाणी नुसती बरोबरी साधायलाही सरासरीच्या दुप्पट चांगले असावे लागते. गर्दी वाढत गेली आणि बक्षीस तेवढेच राहिले, तर स्पर्धकाचा वाटा आणखी घटतो. प्रवेशिकांची मर्यादा ही घट तरी रोखत होती.

११/
९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. पहिला सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी लिहिला. पाच न्यायाधीशांच्या त्या पीठात पुढे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर होते. दास यांनी ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारत, मनू आणि कौटिल्यापर्यंतचे दाखले देऊन जुगाराकडे पाहण्याची भारतीय दृष्टी मांडली. जुगार हा संविधानाने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, हा त्यांचा निष्कर्ष, आणि मोहोरबंद उत्तराची ही कोडी जुगारात मोडतात, हा निर्णय.

१२/
दुसरा निकाल न्या. वेंकटराम अय्यर यांचा, १९५५ च्या केंद्रीय कायद्याविषयीचा. ज्या स्पर्धांत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नसते त्यांनाच हा कायदा लागू होतो, असे न्यायालयाने ठरवले. याचा व्यावहारिक अर्थ असा की २,००० ची मर्यादा नशिबाच्या स्पर्धांपुरती उरली. कौशल्याची स्पर्धा कितीही मोठी भरवायला मोकळीक राहिली. कौशल्य खरे असेल तर गर्दीने काय बिघडते, हा प्रश्न न्यायालयापुढे आलाच नाही.

१३/
हा प्रश्न कुस्तीच्या साहाय्याने सोपा होतो. फडातल्या जोडीच्या कुस्तीऐवजी बाद पद्धतीची स्पर्धा घ्यावी. १९६१ पासून चालत आलेली ‘महाराष्ट्र केसरी’ मराठी वाचकाला परिचित आहे. समजा, एक मल्ल कोणाशीही लढला तरी १०० पैकी ७० कुस्त्या जिंकतो. १६ मल्लांच्या स्पर्धेत त्याला चार कुस्त्या जिंकाव्या लागतात. विजेतेपदाची शक्यता २४ टक्के. ६४ मल्ल असतील तर सहा कुस्त्या आणि सुमारे १२ टक्के. १,०२४ मल्ल असतील तर दहा कुस्त्या आणि ३ टक्क्यांहूनही कमी.

१४/
हेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचले तर चित्र उलटते. १६ जणांत सर्वसाधारण मल्लाची संधी ६.२५ टक्के, आपल्या मल्लाची त्याच्या जवळपास चौपट. ६४ जणांत ती साडेसात पट होते, १,०२४ जणांत जवळजवळ २९ पट. म्हणजे मैदान वाढते तशी इतरांच्या तुलनेत निष्णात खेळाडूची आघाडी वाढते, आणि तरीही तो हरून घरी जाण्याची शक्यताही वाढते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. बहुतेक गैरसमज यांपैकी एकच पाहिल्याने होतात.

१५/
पोकरमध्ये हा पेच अधिक तीव्र होतो, कारण तिथे पत्ते वाटले जातात आणि पत्त्यांवर कोणाचीच सत्ता नसते. पोकरच्या स्पर्धेत सगळे सारखे शुल्क भरतात, सर्वांना सारख्या चिप्स मिळतात, ज्याच्या चिप्स संपल्या तो बाद होतो. जमलेल्या शुल्काचा मोठा भाग वरच्या क्रमांकांना जातो. कोणत्या पत्त्यांवर किती लावायचे, केव्हा माघार घ्यायची, समोरच्याचा डाव कसा ओळखायचा, हे कौशल्य खरे आहे आणि ते अभ्यासाने वाढते.

१६/
एक निष्णात खेळाडू घ्यावा. सरासरीने तो दर १०० रुपये शुल्कामागे १३० रुपये परत मिळवतो. म्हणजे फायदा ३० टक्के. सोयीसाठी सगळे बक्षीस एकट्या विजेत्याला मिळते असे मानू. १० जणांच्या स्पर्धेत तो १०० पैकी १३ वेळा जिंकेल. १,००० जणांच्या स्पर्धेत १,००० पैकी १.३ वेळा. दोन्हीकडे सरासरी फायदा तितकाच आहे, पण अनुभव अगदी निराळा. मोठ्या मैदानात १०० स्पर्धा खेळूनही एकदाही न जिंकण्याची शक्यता ८८ टक्के.

१७/
मग कौशल्य सिद्ध व्हायला किती स्पर्धा लागतील? नशिबाचे चढउतार बाजूला सारून ३० टक्के फायदा बऱ्यापैकी खात्रीने दिसावा, यासाठी संख्याशास्त्राचा प्रचलित निकष लावला तर १० जणांच्या मैदानात सुमारे ५०० स्पर्धा पुरतात. १,००० जणांच्या मैदानात त्यांची संख्या ५७,००० च्या पुढे जाते. रोज एक स्पर्धा खेळली तर पहिला हिशेब दीड वर्षाच्या आत पुरा होतो. दुसऱ्याला दीडशेहून अधिक वर्षे लागतात.

१८/
या गणितावर दोन न्याय्य आक्षेप आहेत. पहिला, खऱ्या स्पर्धांत बक्षीस एकट्याला मिळत नाही. अनेकांत वाटले जाते, त्यामुळे चढउतार काहीसे मंदावतात. दुसरा, मोठ्या मैदानात नवखे अधिक येतात, म्हणून निष्णात खेळाडूचा फायदा ३० टक्क्यांवर न थांबता वाढू शकतो. तो दुप्पट, म्हणजे ६० टक्के झाला असे धरले, तरी १,००० जणांच्या त्याच मैदानात सुमारे १७,७०० स्पर्धा लागतात. रोज एक धरली तर ४८ वर्षांहून अधिक. आक्षेप खरे आहेत. पण निष्कर्ष उलटवण्याइतके बळ त्यांच्यात नाही.

१९/
इतिहासाची साक्षही अशीच आहे. लास वेगासची ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ १९७० मध्ये सुरू झाली. तिच्या मुख्य स्पर्धेत १९८० मध्ये ७३ आणि १९८१ मध्ये ७५ खेळाडू होते. दोन्ही वेळा स्टू उंगर जिंकला. १९८७ मध्ये १५२ आणि १९८८ मध्ये १६७. दोन्ही वेळा जॉनी चॅन. १९९७ मध्ये ३१२ खेळाडूंत उंगर तिसऱ्यांदा विजेता ठरला. त्यानंतर आजवर एकाही माजी विजेत्याला हे पद पुन्हा मिळालेले नाही.

२०/
कारण पटावर दिसते. २००३ मध्ये ८३९ खेळाडू आले आणि टेनेसीचा क्रिस मनीमेकर हा लेखापाल जिंकला; त्याने आपली जागा ऑनलाइन पात्रता-स्पर्धेतून मिळवली होती. त्या विजयाने जगभर लाट उसळली. २००४ मध्ये २,५७६ खेळाडू, २००६ मध्ये ८,७७३, आणि २०२३ मध्ये दहा हजारांचा टप्पा पार. उंगर आणि चॅन यांच्यानंतरचे खेळाडू अडाणी नव्हते. खेळाचा अभ्यास उलट वाढला. बदलले ते मैदान.

२१/
तरीही कौशल्य नाहीसे झाले असे म्हणणे चूक ठरेल. १९९५ चा विजेता डॅन हॅरिंग्टन २००३ मध्ये ८३९ जणांत तिसरा आला आणि २००४ मध्ये २,५७६ जणांत चौथा. लागोपाठ दोन वर्षे अखेरच्या टेबलापर्यंत पोहोचणे ही पोकरच्या इतिहासात मोठ्या आदराने सांगितली जाणारी कामगिरी आहे. पण दोन्ही वेळा तो जिंकला नाही, हेही ध्यानात घ्यावे. अफाट मैदान कौशल्याला वरपर्यंत येऊ देते. विजेतेपदाची हमी देत नाही.

२२/
भारतीय न्यायालये या काळात कौशल्याची कसोटी घडवत होती. १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला. पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणते राखावे आणि कोणते टाकावे हे ठरवावे लागते. तीन पत्तीसारखे खेळ मात्र नशिबाचे ठरले. १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत कौशल्याच्या बाजूला गेली. या प्रत्येक निकालात खेळाचे अंतरंग तपासले गेले. स्पर्धक किती आणि डाव किती, हे मोजले गेले नाही.

२३/
पोकरबाबत तर एकमतही झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला कौशल्याचा खेळ मानण्यास नकार दिला; मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रमी आणि पोकर दोन्ही कौशल्याचे ठरवले. गोव्याने १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या करून कॅसिनोंना वाट दिली आणि मांडवीतल्या जहाजांवर पोकरच्या स्पर्धा भरू लागल्या. पुढे मोबाइलने स्पर्धेचे मैदान सोलापूरच्या चाळीतल्या खोलीपर्यंत आणून ठेवले.

२४/
या साऱ्यात निश्चित उत्पन्न एकाच पक्षाचे होते. १,००० जणांनी प्रत्येकी १,००० रुपये भरले आणि आयोजकाने १० टक्के कापून घेतले, तर विजेता कोणीही असो, १ लाख रुपये त्याच्याकडे राहतात. त्याला हजारो स्पर्धांची वाट पाहावी लागत नाही. विजेता दर वेळी कोणीतरी असतोच, त्याचे छायाचित्र झळकते, आणि उरलेल्या ९९९ जणांत किती निष्णात होते हे कोणालाही कळत नाही. ‘कौशल्याचा खेळ’ हा शिक्का खरा असूनही कनिष्ठ पगारदाराची पुंजी त्याच्या कौशल्याचे फळ हाती येण्याआधी संपू शकते.

२५/
२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणताना कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. १८८७ च्या कलम १३ पासून चालत आलेली विभागणी अशा रीतीने ऑनलाइन जगापुरती पुसली गेली. ही बंदी योग्य की अतिरेकी, यावर मतभेद होत राहतील. पण मोहोरबंद कोड्यांच्या काळात लिहिलेला तो २,००० चा आकडा आजही एक उपयोगी प्रश्न शिकवतो. खेळ कौशल्याचा आहे का, एवढ्यावर थांबू नये. मैदानात किती जण आहेत आणि ते कौशल्य दिसेपर्यंत किती डाव परवडतील, हेही विचारावे.